तबला वाजवायचा की रेकॉर्ड करायचा?

विशारद झालेली, गणपतीत आणि दिवाळी पहाटेला साथीला बसणारी, शिवाय घरी लॅपटॉपवर मित्रांची गाणी मिक्स करून देणारी मुलंमुली पुण्या-मुंबईत आता बरीच आहेत. पदवी हातात आली की त्यांना ठरवावं लागतं : पूर्णवेळ संगतकार व्हायचं, की साऊंड रेकॉर्डिंग शिकायचं? नातेवाईक यातला एक मार्ग 'कलेचा' आणि दुसरा 'सुरक्षित' ठरवून मोकळे होतात. ही वाटणी आधी डोक्यातून काढा. रात्री दोनला डबिंग संपवून पहिल्या लोकलची वाट बघणाऱ्या असिस्टंटला ती सुरक्षितता अजून सापडलेली नाही.

पैशाआधी वेळेचा हिशेब करा. तबलजीचा दिवस रियाझाभोवती फिरतो : सकाळी हात, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी कार्यक्रम किंवा तालीम. रेकॉर्डिंगमध्ये दिवस दुसऱ्याच्या ताब्यात असतो. संगीतकार तासभर उशिरा आला तरी असिस्टंट वेळेवर हवा. माइक लावून, लाइन तपासून, फाइलींना नावं देऊन, बॅकअप घेऊनच तो घरी जाणार. सकाळच्या रियाझाचे तास एकदा गेले की काही महिन्यांत हात जड होतो. म्हणून 'दोन्ही करीन' या उत्तरावर माझा फारसा विश्वास नाही. पस्तिशीत स्टुडिओकडे वळलेल्या तबलजीचा कान त्याच्याबरोबर येतो. उलट दिशेने, दहा वर्षं कन्सोलवर, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सिंगच्या टेबलावर, काढून पुन्हा ख्यालाच्या साथीला बसणं फार थोड्यांना जमतं.

आणि तो कान रेकॉर्डिंगमध्ये खरोखर कामाला येतो. एसीच्या कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, ताणली जाते आणि तबल्याचा सूर चढतो. पावसाळी हवेत तो उतरतो. पहिल्या आणि पाचव्या टेकमधला हा फरक मीटरवर दिसत नाही. दोन टेक जोडायला घेतले की मगच तो बोचतो. ज्याने सूर लावायला स्वतः हातोडी घेऊन तबल्याचे गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकलेत तो तिसऱ्याच टेकला थांबवून म्हणेल, "एकदा सुरात घ्या." डग्ग्याची, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या वाद्याची, घुमक हवी तर माइक किती लांब ठेवायचा, शाईवरचा (पुडीवरच्या काळ्या गोलावरचा) बोल किती जवळून घ्यायचा, हेही त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा : या धंद्यातलं बरंचसं काम संगीताचं नसतंच. मालिका, डबिंग, ऑडिओबुक, पॉडकास्ट, जाहिराती. गाणी रेकॉर्ड करायच्या हौसेने जाल आणि सुरुवातीचा काळ निवेदकांचे श्वास कापण्यात घालवाल. घरोघरी स्टुडिओ झाल्यापासून लहानसहान गाणी तर मोठ्या स्टुडिओपर्यंत पोचतच नाहीत.

शिकण्याचं म्हणाल तर रेकॉर्डिंगला निदान दरवाजा तरी दिसतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा (साऊंड डिझाइनचा) तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. 2009 साली ऑस्कर मिळवणारे ध्वनिमुद्रक रसूल पोकुट्टी तिथलेच. जागा मोजक्या असतात आणि प्रवेश परीक्षा सोपी नसते. तबल्याला गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आहेत, आकाशवाणीची ग्रेड आहे. पण प्रमाणपत्र बघून साथीला कुणी बोलावत नाही. गायकाला तुमच्या ठेक्यावर निर्धास्त वाटलं तर पुढची तारीख मिळते.

तारखा मात्र आखडल्या आहेत. 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे उघड्या मांडवातल्या मैफलींचे तास कमी झाले आणि अशा वेळी कात्री आधी नवोदितांवरच चालते. बाकी वर्ष गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, आषाढीची अभंगवाणी यांवर आणि मधल्या महिन्यांत शिकवण्यांवर निघतं. बिदागी आधी बोलून घ्या. संकोचाची किंमत संगतकारच मोजतो.

एका बाबतीत कायदा वादकाच्या बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्याने वादकाला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क दिलाय आणि 2012 च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर त्याचा अधिकार मान्य केलाय. ध्वनिमुद्रकाला केवळ त्या कामापोटी असं काहीच मिळत नाही. कायद्याच्या नजरेत ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता. व्यवहारात संगतकाराच्याही हातात बहुधा एकरकमी पाकीट आणि सहीचा कागदच येतो. तो कागद वाचायची सवय लावा.

शरीराची झीज दोन्हीकडे आहे. तबलजीची पाठ आणि मनगटं, रेकॉर्डिस्टचे कान. 85 डेसिबल आवाजात रोज आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. ढोलताशाच्या पथकात विसर्जन मिरवणूक वाजवणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करावा.

माझा कौल विचाराल तर हात तयार असेल आणि घरचं भाडं दोन-तीन वर्षं तुमच्या डोक्यावर नसेल, तर आधी तबला. पण स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकताना तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कशी पडली याआधी 'डग्गा पोकळ का वाटतोय?' हेच मनात येत असेल, तर एफटीआयआयचा फॉर्म भरा, उगाच गुरुजींना अडकवून ठेवू नका.

अजूनही ठरत नसेल तर कार्यक्रमांचा लाइव्ह साऊंड करा, असा सल्ला मिळतो. काम चांगलं आहे, पैसेही लवकर सुरू होतात, आणि रिटेक नसल्याने कान तयार होतो. अडचण एवढीच की सीझन तोच. दिवाळी पहाटेचे फोन तबल्यासाठी आणि मिक्सरसाठी एकाच आठवड्यात येतात, आणि दोघांनाही पहाटे चारला हॉलवर पोचायचं असतं.