घामाची जर्सी, सहीची जर्सी की नुसतं तिकीट?

एकाच खेळाडूच्या दोन जर्सी टेबलावर ठेवल्या आहेत. एक त्याने सामन्यात घातलेली, दुसरी कोरी, पण छातीवर त्याची सही असलेली. बरेच जण आधी सहीच्या जर्सीला हात घालतील. सही लांबूनही ओळखू येते, भिंतीवर उठून दिसते. घातलेल्या जर्सीवर काय असतं? कॉलरची पिवळट पडलेली कड, उजव्या कोपराला गवताचा हिरवा ओरखडा, क्रमांकाच्या खालच्या टोकाशी सुटलेला एक टाका. पण ज्याला तो सामना पाठ आहे, त्याला ओरखडा पाहताच कळतं की हा सूर मारून अडवलेल्या चौकाराचा डाग आहे.

घातलेली वस्तू त्या खेळाडूच्या क्षणाची असते, सही तुमच्या-त्याच्या भेटीची असते आणि तिकीट तुमच्या हजेरीचं असतं. यातलं आपल्याला नेमकं काय जपायचं आहे, हे न ठरवता खरेदी केली की बहुतेक वेळा महागडी वस्तू घरात येते आणि दोन वर्षांत कपाटावर जाऊन बसते.

आधी शब्दांची भानगड

फसगत बहुधा शब्दांतूनच होते. ‘मॅच-वॉर्न’ म्हणजे प्रत्यक्ष सामन्यात अंगावर असलेली. ‘मॅच-इश्यूड’ म्हणजे त्या सामन्यासाठी नाव-क्रमांक लावून तयार केलेली, पण कदाचित घडी न मोडता बॅगेतच राहिलेली. ‘प्लेयर इश्यू’ म्हणजे खेळाडूंच्या दर्जाचं कापड आणि शिवण; ती खेळाडूच्या हाताला लागली असेलच असं नाही. ‘ऑथेंटिक’ हा तर दुकानातल्या महागड्या आवृत्तीचा शिक्का आहे, त्याचा मैदानाशी संबंध नाही. आणि ‘रेप्लिका’ म्हणजे चाहत्यांसाठीची प्रत. जाहिरातीत ‘सामन्यासाठीची जर्सी’ असं मोघम लिहिलेलं असेल, तर ती घातलेली नाही असं धरूनच पुढे बोलावं.

फुटबॉलमध्ये आणखी एक गाठ असते. पुष्कळ खेळाडू मध्यंतराला जर्सी बदलतात, म्हणजे एका सामन्याच्या दोन खऱ्या जर्सी असतात. २२ जून १९८६ ला मेक्सिकोतल्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिनाने इंग्लंडला २-१ हरवलं, तेव्हाची मॅराडोनाची जर्सी इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने सामन्यानंतर अदलाबदल करून घेतली. २०२२ मध्ये ती लिलावात ७१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. लिलावाआधी मॅराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली होती: ही पहिल्या डावातली आहे, गोल मारले त्या दुसऱ्या डावातली नव्हे. दोन्ही गोल दुसऱ्या डावातले, त्यामुळे सगळा अर्थ त्या एका फरकावर लटकला होता. लिलावगृहाने जुन्या छायाचित्रांशी बिल्ला, पट्टे आणि क्रमांक जुळवून ती दुसऱ्या डावातलीच असल्याचं सांगितलं. ते जमलं, कारण त्या निळ्या जर्सी ऐन वेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणून त्यांच्यावर घाईघाईत बिल्ले आणि चंदेरी क्रमांक लावले होते. घाईचं काम म्हणजे प्रत्येक जर्सीवर वेगळा तिरकेपणा, आणि तोच तिरकेपणा पुढे पुरावा ठरला.

घातलेली जर्सी: खरी कशी ओळखायची

छायाचित्रं जुळवणं घरबसल्याही करता येतं, फक्त चिकाटी हवी.

संघाने ती विशिष्ट जर्सी त्या हंगामात कोणकोणत्या सामन्यांत घातली, त्यांची यादी आधी करा. प्रायोजकाचा लोगो, बाहीवरचा बिल्ला, स्मृतिदिनाची काळी पट्टी अशा गोष्टींमुळे यादी लवकर आटोपशीर होते. मग वृत्तसंस्थांची मोठ्या आकाराची छायाचित्रं शोधा. समाजमाध्यमावरचं दाबून लहान केलेलं चित्र उपयोगाचं नाही. कापडाची वीण दिसायला हवी. त्यानंतर हातातल्या जर्सीवर न बदलणाऱ्या खुणा हेरा. क्रमांक उष्णतेने दाबून चिकटवलेला असेल तर तो दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे असतोच. जाळीदार कापडावर क्रमांकाची कड नेमक्या कोणत्या छिद्रांवरून जाते, ते मोजता येतं. पट्टेरी जर्सीत पट्टा बाजूच्या शिवणीला कुठे मिळतो, हे प्रत्येक नगात वेगळं असतं. हल्लीच्या क्रिकेट जर्सीत नक्षी आधी छापून मग कापड बेततात, त्यामुळे खांद्याच्या शिवणीवर नक्षी कशी तुटते ते पाहावं.

एका खुणेवर विसंबू नका. किमान दोन स्वतंत्र खुणा जुळायला हव्यात आणि एकही खूण उलटी जाता कामा नये. डाग नंतर पडू शकतो किंवा धुण्यात जाऊ शकतो. पण छायाचित्रात सरळ दिसणारा क्रमांक हातातल्या जर्सीवर तिरका असेल, तर विषय तिथेच संपला. एकरंगी, साध्या विणीच्या, उत्तम यंत्रावर छापलेल्या जर्सी मात्र जुळवणं फार अवघड जातं. तिथे वस्तू हातोहात कशी आली, याच्या साखळीवरच भिस्त ठेवावी लागते.

साखळी म्हणजे खेळाडूकडून कोणाकडे, तिथून कोणाकडे, आणि प्रत्येक टप्प्याचा लेखी किंवा छायाचित्राचा दुवा. ‘खात्रीचं प्रमाणपत्र’ देणाऱ्याची जेवढी पत, तेवढीच त्या कागदाची किंमत. विकणाऱ्यानेच स्वतः छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे पावतीच. खुद्द खेळाडूचं ‘ही मी घातली होती’ असं पत्रही चांगलं, पण ती आठवण आहे आणि आठवण चुकू शकते. या बाबतीत अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलची व्यवस्था आदर्श म्हणावी अशी आहे. २००१ पासून तिथे सामन्याच्या वेळी प्रमाणक, म्हणजे वस्तू खरी असल्याची नोंद करणारे लोक, मैदानावरच हजर असतात, डोळ्यांदेखत वस्तू ताब्यात घेऊन तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लावतात, आणि तो क्रमांक कोणालाही पडताळून पाहता येतो.

धुवायची का?

नाही. जर्सी संघाच्या धुलाईतून आधीच गेलेली असू शकते, तो भाग निराळा. पण तुमच्याकडे न धुतलेली आली, तर गवत, माती, घामाची रेघ हेच तुम्ही विकत घेतलं आहे, आणि एकदा गेलं की ते परत आणता येत नाही. मात्र ओलसर जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणं धुण्याहून वाईट: बुरशी धरते. सावलीत, हवेशीर जागी, स्वच्छ सुती कापडावर आडवी पसरून एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. मग आम्लविरहित टिश्यू कागदात, सपाट पेटीत ठेवा. घडी घालावीच लागली तर घडीत टिश्यूची वळकटी सारा, म्हणजे कायमची रेघ पडत नाही. चिकटवलेले क्रमांक एकमेकांवर येतील अशी घडी कधीही करू नये. उन्हाळ्यात ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना सालासारखे निघतात. मध्ये सिलिकॉन लावलेला कागद घालावा. जुन्या लोकरी जर्सीला कसरीचा धोका असतो, पॉलिएस्टरला जवळपास नाही.

भिंतीवर लावायची असेल तर गोंद, स्टेपल, टाचण्या तिन्ही वर्ज्य. टाचणी गंजते, गोंद पिवळा पडतो. पॅडिंग लावलेल्या पुठ्ठ्यावर जर्सी बसवून खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणींतून सुती दोऱ्याने सैल टाके घालतात. चौकट चार-पाच सेंटिमीटर खोल हवी, म्हणजे काच कापडाला टेकत नाही. काच किंवा अ‍ॅक्रिलिक अतिनील किरण अडवणारं असावं. तरीही उजेडाचा परिणाम साठत जातो. कापडासाठी संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात, दिवाणखान्यातल्या खिडकीजवळ याच्या कितीतरी पट असतो. म्हणून चार महिने भिंतीवर, आठ महिने पेटीत, हा साधा उपाय.

सही: कोणासमोर झाली हे महत्त्वाचं

खेळाडूने तुमच्यासमोर मान वर करून नाव विचारलं आणि सही केली, तर ती वस्तू कशाशीही तोलता येणार नाही. नावासकट केलेल्या सहीला विकताना भाव कमी मिळतो; जपणाऱ्यासाठी तीच खरी. उलट, कधीही न भेटलेल्या खेळाडूची विकत घेतलेली सही ही या सगळ्यांतली सगळ्यात पोकळ खरेदी आहे, असं आमचं स्पष्ट मत. बनावटीचा धोकाही इथेच जास्त. १९९० च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांचा मोठा धंदा उघडकीस आणला. त्यात नामांकित खेळाडूंच्या सह्या घाऊक प्रमाणात गिरवल्या जात होत्या आणि त्यांना प्रमाणपत्रंही जोडलेली असत.

शाईचं गणित वेगळं. पॉलिएस्टरवर सही घेताना कापडाखाली पुठ्ठा सरकवून ते ताणून धरा, नाहीतर रेघ फुटते आणि शाई पाझरते.

घातलेल्या जर्सीवरच सही घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. घेऊ नये. सही नंतरच्या कुठल्यातरी दिवसाची असते, बहुधा टेबलामागे बसून केलेली. मैदानातल्या डागांवर ती दुसरा दिवस चढवते. फारच वाटलं तर आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर घ्यावी.

चेंडू, बॅट, हातमोजे

चेंडूला हातात घेतल्याचा आनंद सर्वांत मोठा, पुरावा सर्वांत दुबळा. कसोटीत ८० षटकांनंतर नवा चेंडू मिळतो, एकदिवसीय डावाची सुरुवातच दोन टोकांना दोन चेंडूंनी होते, फुटबॉलमध्ये सीमारेषेभोवती अनेक चेंडू फिरत असतात. मग ‘सामन्याचा चेंडू’ म्हणजे कोणता? १९९८ मध्ये अमेरिकन बेसबॉलपटू मार्क मॅग्वायर होमरनच्या (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) विक्रमाकडे जात होता, तेव्हा पुढचा घोटाळा टाळायला चेंडूंवर आधीच गुप्त खुणा केल्या होत्या. त्याच्या ७० व्या होमरनचा चेंडू पुढे सुमारे ३० लाख डॉलरला विकला गेला. अशी सोय नसेल तर पंचांकडून किंवा संघाकडून चेंडू कसा आला, याची साखळी मागाच.

बॅटचं उलट आहे. विलोच्या लाकडातल्या उभ्या रेषा प्रत्येक बॅटला वेगळ्या, बोटांच्या ठशासारख्या. रेषांची संख्या, त्यांतली वाकडी रेघ, एखादी गाठ, स्टिकरची कड कोणत्या रेषेवर येते, हे छायाचित्राशी झकास जुळतं. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनच्या धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना गेली. सर्वांना भाव वाटतो तो शेवटच्या षटकाराचा. पण बॅट हातात धरणाऱ्याला कडेला उमटलेले चुकलेले फटकेही दिसतात, आणि बॅटची गंमत तीच आहे. वापरलेल्या बॅटला ‘जपण्यासाठी’ जवसाचं तेल लावायचा मोह आवरा. लाकूड काळवंडतं आणि चेंडूचे लाल ठसे पुसट होतात.

फुटबॉलच्या गोलरक्षकाचे हातमोजे मात्र विचार करूनच घ्यावेत. तळव्याचं लेटेक्स काही वर्षांत आधी चिकट होतं, मग कडक होऊन भुगा होतं. थांबवता येत नाही, लांबवता येतं: अंधार, गारवा, दोन तळवे एकमेकांना लागू न देणं. पॉलियुरेथेन फोमच्या तळाचे बूटही असेच, न वापरता नुसते ठेवले तरी हवेतल्या दमटपणाने विरघळल्यासारखे तुटतात.

टोपीचा हिशेब आणखी निराळा. ऑस्ट्रेलियात कसोटी खेळाडूला हिरवी टोपी एकदाच मिळते. शेन वॉर्नने आपली टोपी जानेवारी २०२० मध्ये वणवाग्रस्तांसाठी लिलावात काढली, १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर आले. तिला कोणत्याही एका सामन्याशी जुळवण्याची गरजच नव्हती.

तुकडा लावलेली कार्डं

खेळाडूचं चित्र आणि जर्सीचा छोटा तुकडा असलेली ही कार्डं स्वस्तात ‘खरं कापड’ मिळतं म्हणून खपतात. २००३ मध्ये एका कार्ड कंपनीने जुन्या काळातला नामांकित बेसबॉलपटू बेब रूथ याची जर्सी यासाठी चक्क कापली, यावरून काय ते समजा. हल्लीच्या अनेक कार्डांच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा तुकडा कोणत्याही विशिष्ट सामन्यातला नाही. क्षणच नसेल तर कापडाला काय अर्थ? मुलाने हौसेने घेतलं तर ठीक, त्यापलीकडे नको.

तिकीट

पैशाच्या दृष्टीने कवडीमोल, भावनेच्या दृष्टीने अनेकदा पहिल्या नंबरचं, कारण तिथे तुम्ही होता. फक्त उष्णतेने छापलेल्या तिकिटावरची अक्षरं फार लवकर उडतात. आणल्या दिवशीच स्कॅन करा, पीव्हीसीच्या पाकिटात न घालता पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर विसरूच नका. तिकीट फोनवरच असेल तर धावफलकाची छापील वही घ्या आणि विकेट पडल्या तशा हाताने भरा.

बजेट एकाच वस्तूचं असेल आणि मनात एखादा ठराविक सामना असेल, तर कमी नावाजलेल्या खेळाडूची, पण छायाचित्रांशी नीट जुळलेली जर्सी घ्या. मोठ्या नावाची संशयास्पद जर्सी रोज पाहताना मनात शंका डोकावतेच. सामना मनात नसून खेळाडू मनात असेल, तर वाट पाहून स्वतः सही घ्यावी. दोन्ही नसेल, नुसती भिंत सजवायची असेल, तर रेप्लिका पुरे; तिला अंगातही घालता येतं.

काहीही घेतलं तरी पेटीत एक आम्लविरहित कागद टाका. शाईने नको, पेन्सिलीने लिहा: सामना, तारीख, वस्तू कोणाकडून आली, कोणत्या छायाचित्राशी कुठली खूण जुळली, आणि ही आपण का घेतली. शेवटची ओळ लोक लिहायची टाळतात. पुढे ही पेटी घरातलं दुसरं कोणी उघडेल, तेव्हा त्याच्या हातात कोपराला डाग पडलेली एक जुनी जर्सी असेल, आणि पहिली गोष्ट तो ती धुवायला टाकेल.