खाडीकाठची पद्मिनी: गंज आणि जाम नटांसाठी वापरलेल्या साहित्याचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर ऐरोलीत, खाडीच्या अगदी जवळ, १९८० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करायला घेतली. कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे कमानपाटे. इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. वेळ खाल्ला तो गंजाने आणि जाम बसलेल्या नटांनी. या काळात जे जे वापरलं त्यातलं काय पावसाळ्यात टिकलं आणि काय नाही, ते लिहितोय. यूट्यूबवरचे बरेचसे प्रयोग कोरड्या हवेतले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणी, वर खाडीचा खारटपणा. तिथे आठवडाभर टिकणारा उघडा पत्रा इथे संध्याकाळपर्यंत तांबूस होतो.

आधी नटांबद्दल. सुरुवातीला सगळेच स्प्रे घेतात, मीही घेतला. डब्ल्यूडी-४० चा साधा निळा-पिवळा डबा चांगलाच आहे, पण त्याचं मूळ काम पाणी हटवण्याचं. जाम नटासाठी त्याच कंपनीचा वेगळा पेनेट्रंट मिळतो आणि तो खरंच जास्त आत शिरतो. गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही वापरून पाहिलं. पेनेट्रंटच्या तोडीस तोड निघालं, फक्त ॲसिटोन उडून जातं म्हणून दर वेळी ताजं करावं लागतं आणि आगीपासून लांब ठेवावं लागतं. पण तेल कुठलंही असो, ते आत जायला फट हवी. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि नट-बोल्टच्या आट्यांमधली सगळी फट भरून टाकतो. मग वरून कितीही तेल ओता, ते नटाच्या डोक्यावरून ओघळतं.

फट तयार करते ती उष्णता. एलपीजीचा हातातला टॉर्च ही या सगळ्या कामातली माझी सर्वात उपयोगी खरेदी. मागच्या डाव्या शॅकलचा (कमानपाटा गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दुव्याचा) नट आठवडाभर तेल पिऊनही हलत नव्हता. वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मिस्त्रींना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, सोडवायला एवढा जोर कशाला लावता? आधी किंचित कसा, मग सोडवा. आणि तापवायचा तो नट, बोल्ट नाही." तसंच केलं. नट चारी बाजूंनी मंद लाल होईपर्यंत तापवला, लाली जाऊ दिली, आणि अजून गरम असतानाच आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून सरळ आत ओढलं गेलं, डोळ्यांना दिसत होतं. सहा कोनी सॉकेट चढवून आधी किंचित कसला. 'कट्' असा कोरडा आवाज आला. मग अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, पुन्हा अर्धा मागे, असं करत पूर्ण बाहेर आला. आटे शाबूत. बारा कोनी सॉकेट असल्या ठिकाणी वापरू नका, कोपरे गोल होतात आणि मग ग्राइंडरशिवाय इलाज उरत नाही.

टॉर्च लावण्याआधी पेट्रोलची टाकी आणि पाइप उतरवून दूर नेलेच पाहिजेत. रबरी बुश, ब्रेकचे होज यांच्याजवळ ज्योत नको. फवारलेलं तेल पूर्ण पुसून मगच तापवायचं. शेजारी अग्निशामक आणि ओलं पोतं हवंच. आणखी एक फार महत्त्वाचं: क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर जिथे मारला असेल तिथे ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या.

ब्रेकमधली हवा काढायच्या ब्लीडर निपलना मात्र ही दांडगाई चालत नाही. नाजूक असतात, मोडल्या की बहुतेक वेळा सिलिंडरच बदलावा लागतो. तिथे पेनेट्रंट, हलक्या हातोडीच्या टिचक्या आणि दोन-तीन दिवसांचा धीर.

आता गंज काढण्याबद्दल. छोट्या नट-बोल्टांना, क्लिपांना लिंबूसत्वाच्या पाण्याला तोड नाही. लिटरभर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर भिजवायचं, सकाळी ब्रश, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवायचं. किराणा दुकानात मिळतं, स्वस्त आहे. बाथरूम धुण्याचं ॲसिड झटपट काम करतं, पण त्याच्या वाफेने खोलीतली बाकीची हत्यारंही गंजतात, म्हणून माझ्याकडे त्याला जागा नाही.

मोठ्या भागांसाठी, म्हणजे ब्रेकच्या बॅकप्लेट, बॅटरीचा ट्रे, बंपरचे ब्रॅकेट, इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) वापरलं आणि त्याच्या मी अक्षरशः प्रेमात आहे. प्लॅस्टिकचा ड्रम, पाण्यात धुण्याचा सोडा (चार-पाच लिटरला एक मोठा चमचा), आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग निगेटिव्हला, भंगारातलं लोखंड पॉझिटिव्हला. उलटं लावलं तर तुमचाच भाग झिजेल. नवे स्मार्ट चार्जर समोर बॅटरी नसली तर सुरूच होत नाहीत, जुना ट्रान्सफॉर्मरवाला शोधा. जी बाजू भंगाराच्या समोर असते तीच नीट साफ होते, म्हणून भंगाराचे तुकडे चारी बाजूंनी लावले. बाहेर येताना भागावर काळा चिखल असतो, तो नळाखाली ब्रशने निघतो आणि खालचं मूळ लोखंड जराही झिजलेलं नसतं. बॅकप्लेटवर कारखान्यात ठोकलेले आकडे पुन्हा वाचता आले तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही.

पण तीन बंधनं पाळायचीच. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील घालायचं नाही, पाण्यात घातक क्रोमियम उतरतं. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन निघतो. आणि हे सगळं उघड्या जागेत, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नका, सोडा ते खातो. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्टही नकोत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात.

फॉस्फोरिक ॲसिडवाल्या रस्ट कन्व्हर्टरबद्दल (गंजाचाच घट्ट काळसर थर करणारं औषध) माझं मत पावसाळ्यात बदललं. हिवाळ्यात डिकीच्या तळाला लावला तेव्हा सुंदर काळसर थर बसला आणि तो आजही ठीक आहे. जुलैत तेच बाटलीतलं औषध पुढच्या फ्लोअरला लावलं, तर दुसऱ्या दिवशीही चिकट. हा पातळ, घट्ट बसलेल्या गंजासाठी आहे. पापुद्रे सुटत असतील तर आधी ग्राइंडरवर वायर कप लावून ते पाडावे लागतात (चष्मा लावूनच, त्या तारा सुटून गोळीसारख्या येतात), आणि हवा दमट असेल तर हीट गनने वाळवावा लागतो. बाटलीवर 'थेट गंजावर लावा' असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नये.

माझ्या मते इकडच्या हवेत सगळं ठरतं ते गंज निघाल्यानंतरच्या पहिल्या तासात. पत्रा उघडा झाला की हीट गनने कोमट करायचा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसायचा, आणि हात न लावता दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारायचा. त्यामुळे मी एका वेळी फूटभर जागाच उघडतो. बॉनेटखालच्या एका पट्टीवर अर्ध्या भागाला रेड ऑक्साइड आणि अर्ध्याला इपॉक्सी मारून पावसाळाभर तशीच ठेवली होती. रेड ऑक्साइडखाली ठिपके उठलेत, इपॉक्सीचा भाग जसाच्या तसा आहे. इपॉक्सी महाग पडतो, मिसळल्यावर ठरावीक वेळातच संपवावा लागतो, योग्य मास्क लागतो. तरी पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

गंजावरच रबरी अंडरकोटिंग मारून देणाऱ्यांपासून गाडी जपा. वरून काळं गुळगुळीत दिसतं आणि आत पाणी कोंडतं. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तेच करून घेतलं होतं, डाव्या सिलचा (दाराखालच्या पट्टीचा) पत्रा स्क्रूड्रायव्हर टेकवताच आत गेला. तो कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचं मेण) मारलं आणि पाणी निघायची खालची भोकं मोकळी ठेवली. दारांच्या तळाचीही तीच भोकं तपासा, बहुतेक दारं तिथूनच सडतात.

जोडताना प्रत्येक आट्याला कॉपर ग्रीस लावतोय, ब्लीडर निपलना रबरी टोप्या. आता राहिलाय पेट्रोल टाकीच्या आतला गंज. ती लिंबूसत्वाच्या पाण्याने आतून धुणार आहे. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, त्यामुळे तिच्याजवळ टॉर्चही नेणार नाही आणि चार्जरही नाही.