दगड, डायमंड प्लेट, खाचेचं यंत्र की धारवाला? सुरीला धार लावण्याआधी कळायला हवेत असे शब्द

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने नवं घर मांडलंय. घरात तीन सुऱ्या, तिन्ही बोथट. कोथिंबीर चिरायला घेतली की ठेचली जाते आणि काळी पडते. परवा तिने मोबाइल पुढे केला. "काका, या पाण्याच्या दगडावर १००० लिहिलंय आणि या डायमंड प्लेटवरही १०००. मग कुठलंही घेतलं तरी चालेल ना?"

भोसरीच्या टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं, तरी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. पाण्याचा दगड म्हणजे पाणी लावून वापरायचा धारेचा दगड, आणि डायमंड प्लेट म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी. त्यांवरचा १००० हा ग्रिट, म्हणजे घासणारा कण किती बारीक आहे ते सांगणारा आकडा. आकडा मोठा तितका कण लहान. पण तो कोणत्या मापातला, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जेआयएस या जपानी मापात १००० चा कण सरासरी ११.५ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वॉटर पेपरमागे पी १००० छापलेलं असेल, तर ते फेपा हे युरोपीय माप, आणि तिथे कण १८.३ मायक्रॉनचा. फेपाचंच एफ हे दुसरं माप घेतलं, तर १००० चा कण जेमतेम ४.५ मायक्रॉन. आकडा एकच, कणांत चौपट फरक! डायमंड प्लेटवर बहुधा मेश, म्हणजे चाळणीच्या बारीकपणावरून आलेला आकडा, लिहितात. डीएमटी या कंपनीच्या प्लेटमध्ये ६०० मेश म्हणजे २५ मायक्रॉन आणि १२०० मेश म्हणजे ९. म्हणून मी तिला सांगितलं, ग्रिट वाचू नकोस, मायक्रॉन शोध. ज्या खोक्यावर मायक्रॉन किंवा निदान मापाचं नाव आहे, तेच घे.

पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात जो करडा, दोन्ही बाजूंचा दगड मिळतो, त्यावर बहुतेक वेळा आकडाच नसतो. एक बाजू खरखरीत, एक बारीक, एवढंच. तो सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे कार्बोरंडमचा. परदेशी लेखांत त्यालाच एसआयसी म्हणतात. कोयत्याला आणि विळीला तो उत्तम. सुरीला त्याने धार येते, पण थोडी दातेरी.

आता सगळ्यांत महत्त्वाचा शब्द: बर. यंत्रकाम केलेल्या कुणालाही तो माहीत असतो. पातं एका बाजूने घासत गेलं की धारेवरचा धातू पलीकडे वळतो आणि तिथे केसासारखी बारीक कड उभी राहते, तीच बर. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर हळूच ओढला की ती खरखर लागते. धारेवरून लांबीच्या दिशेने मात्र बोट कधीही फिरवायचं नाही. बर मुठीजवळच्या टाचेपासून टोकापर्यंत सलग लागत नाही, तोवर बाजू बदलायची नाही. मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी हात हलका करत आलटून पालटून घासून ती बर उतरवायची. "दोन दिवस छान कापली, मग पुन्हा बोथट" अशी तक्रार नवशिक्यांकडून फार ऐकू येते. तिथे बहुतेक वेळा बर तशीच राहिलेली असते. कापताना ती दुमडते.

पाण्याच्या दगडावर बर सावकाश तयार होते, म्हणून हाताला शिकता येतं. डायमंडवर ती झटकन येते, आणि नवशिक्या नको तितका धातू घालवतो. मात्र दगड मधून खोलगट होतो आणि अधूनमधून सपाट करावा लागतो. प्लेटला ती कटकट नाही. खाचेतून सुरी ओढायच्या यंत्रात बर दिसत नाही, कळत नाही आणि नीट निघतही नाही. त्यातली कार्बाइडची पाती धातू अक्षरशः खरवडतात, कोनही त्यांचाच.

कोनाबद्दल एवढंच: डीपीएस म्हणजे एका बाजूचा, पातं आणि दगड यांच्यातला कोन. कुणी १५ डीपीएस म्हणतं, कुणी एकूण ३० अंश, गोष्ट एकच. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण साडेअकरा मिलिमीटर उचलायची, २० साठी साडेपंधरा. धारेला मार्करची शाई लावून दोनदा घासा. शाई नेमकी कुठे गेली, त्यावरून कोन चुकला का ते कळतं.

एचआरसी म्हणजे पोलादाचा कडकपणा सांगणारा आकडा. व्हिक्टोरिनॉक्ससारखी सुरी ५५-५६ ची, व्हीजी-१० पोलादाची जपानी ६० च्या आसपास. मऊ पोलादाची धार वळते, म्हणून ती सरळ करायला स्टीलचा रॉड चालतो. कडक धार वळण्याऐवजी तुटते. तिथे स्टीलचा रॉड नको आणि खाचेचं यंत्र तर मुळीच नको.

आणि सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला? त्याच्या हातातलं कसब मला मनापासून आवडतं. कात्री आणि विळी मी अजून त्याच्याकडेच देतो. पण कोरड्या चाकावर पातळ धार चटकन तापते. ती निळी पडली, म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या घरात गेलं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. मग कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून चांगली सुरी त्याच्याकडे द्यायचीच असेल, तर त्याला सारखी पाण्यात बुडवायला सांगा.

त्या मुलीच्या दोन सुऱ्या साध्या, एक भेट मिळालेली जपानी. तिला मी जेआयएस १००० चा एकच पाण्याचा दगड घ्यायला सांगितलं. ६००० चा बारीक दगड नंतर, बर उतरवता यायला लागली की. दगडाला तेल लावायचं नाही, आणि काम झाल्यावर उन्हात ठेवायचा नाही, तडकतो. सावलीत उभा करून वाळवायचा, पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी.