लाखेची तबकडी, एल.पी., मोबाइल की कॅसेट?

हिंदुस्थानी गायनाचा संग्रह करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी रेकॉर्ड प्लेअरच्या किमती बघू लागतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी कोणाचं गाणं हवंय ते ठरवा, म्हणजे बाकीचं बरंचसं आपोआप ठरेल.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं बसतं, 12 इंची असेल तर चारच्या आसपास. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत उलगडत जाणारं रागगायन, तिथे फुलणं अवघडच. पण अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर ही माणसं ऐकायची तर मुख्यतः इथेच. खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी ऐकताना काही छाटल्यासारखं मुळीच वाटत नाही. भीमसेन जोशींना लहानपणी गाण्याचं वेड लावलं ते याच तबकडीनं. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच.

मात्र या तबकड्या म्हणजे सांभाळायचं मोठं काम. पडली की फुटली. स्पिरिटनं पुसली तर लाख विरघळते. शिवाय आजच्या पुष्कळ प्लेअरवर 33 आणि 45 एवढेच वेग असतात, आणि एल.पी.ची, म्हणजे 33च्या वेगानं फिरणाऱ्या लाँग प्ले तबकडीची, बारीक सुई या रुंद खाचेला चालत नाही. सुरुवातीच्या तबकड्या तर नेमक्या 78च्या वेगानं मुद्रित झाल्यात असंही नाही. चुकीच्या वेगानं वाजवलं की गायकाची पट्टीच बदलते.

नवख्या माणसानं एल.पी.पासून सुरुवात करावी, असं मी ठामपणे म्हणेन. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात आणि रागाला श्वास घेता येतो. अमीर खाँची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एल.पी. घ्या. मारव्यात ते ज्या सावकाशीनं रिषभ-धैवत या स्वरांपाशी रेंगाळतात, ती चैन लाखेच्या तबकडीला परवडलीच नसती. किशोरीताई आमोणकरांचा भूप, ‘सहेला रे’ या बंदिशीसह, आणि त्याच एल.पी.वरची बागेश्री हीसुद्धा संग्रहात हवीच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा. नुसत्या कव्हरवर भाळू नका. घरी उभी ठेवा; एकावर एक रचली की वाकते.

मोबाइलवर यातलं बरंच काही फुकट किंवा थोडक्या पैशात मिळतं, आणि नुसतं ऐकायचंच असेल तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. अडचण येते ती तपशिलाची. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, साल कोणतं, याचा बहुधा पत्ता नसतो; कधी रागाचं नावही चुकलेलं असतं. खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, हीही पुसली जाते, आणि हे मला खरखरीपेक्षा जास्त खुपतं. सीडीत निदान सोबतची पुस्तिका असते. जुनी सीडी स्वस्तात मिळाली तर सोडू नये.

कंपन्यांनी काढलेल्या कॅसेट्स विकत घेण्यात आता फारसा अर्थ नाही. कोकण-गोव्याच्या दमट हवेत टेपला बुरशी लवकर धरते. पण घरात कुणी खासगी मैफलीत भरून घेतलेली नव्वद मिनिटांची कॅसेट सापडली, तर ती वरच्या सगळ्यांहून मोलाची, कारण तिची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. बुरशी दिसली तर आपल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघू नका, जाणकाराकडून साफ करून संगणकावर उतरवून घ्या. खोक्यावरचा मजकूर जसाच्या तसा टिपून ठेवा आणि साथीदार कोण होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा.