फाटकाशेजारची पार्सल पेटी : आठ महिने वापरून झाल्यावर

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ, सकाळी साडेसातला घर सोडते ती चारनंतरच परत येते. यजमान सातपूरला कंपनीत, मुलगी शाळा आणि क्लासमध्ये. दिवसभर घरी फक्त आप्पा, माझे सासरे, वय ७८. लेनला वॉचमन नाही आणि फाटक जेमतेम कमरेएवढं. आमच्यासारखी घरं नाशकात शेकड्यांनी असतील, म्हणून फाटकाला बसवून घेतलेल्या लोखंडी पार्सल पेटीबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी पेटी का घ्यावी लागली ते सांगते. गेल्या फेब्रुवारीत आप्पांचं कानाचं मशीन दुरुस्तीला पुण्याला पाठवलं होतं. ते कुरिअरने परत आलं तेव्हा आप्पा हॉलमध्येच बसलेले होते. डिलिव्हरीवाल्या मुलाने दोनदा बेल वाजवली, असं तो नंतर म्हणाला, आणि ते खरंच असणार. पण ज्या मशीनशिवाय आप्पांना बेल ऐकू येत नाही तेच मशीन त्या पार्सलमध्ये होतं. त्याने पार्सल चपलांच्या रॅकवर ठेवलं, फोटो काढला आणि गेला. फोटोवर वेळ ११:५२. मी साडेचारला आले तर रॅकवर चपलाच. समोरच्या काकूंच्या कॅमेऱ्यात दिसलं की पाऊण वाजता मोटरसायकलवरून दोघं आले, मागचा उतरला, हात घालून फाटकाची कडी काढली आणि पार्सल घेऊन निघून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट. नंबरप्लेट वाकवलेली होती.

कुरिअरचं उत्तर एकच, ‘सिस्टीमला डिलिव्हर्ड दिसतंय’. खूप पाठपुरावा केल्यावर भाड्याचे पैसे परत मिळाले, मशीनचे नाहीत, कारण पाठवताना पावतीवर किंमतच लिहिलेली नव्हती. पोलिसांनी तक्रार घेतली. तिथे एक गोष्ट कळली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या फौजदारी कायद्यात साध्या चोरीतला माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा सहसा अदखलपात्र धरतात, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे वस्तूचं बिल हातात असणं फार महत्त्वाचं. आमच्याकडे मशीनचं मूळ बिल होतं म्हणून नोंद नीट झाली. मशीन मात्र मिळालं नाही.

आप्पांना ते फार लागलं. ‘माझ्यामुळं गेलं’ एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. दहापासून एकपर्यंत, मार्चच्या उन्हात, रस्त्याकडे डोळे लावून. मी लॅबमधून फोन करायचे तर तो त्यांना ऐकू यायचा नाही. तो महिना मला आठवतो तो त्या खुर्चीमुळे.

सगळ्यांनी कॅमेऱ्याचा सल्ला दिला. पण कॅमेरा तर समोर होताच. त्यात चोरी कशी झाली ते दिसलं, थांबली नाही. म्हणून मी ऑनलाइन एक तयार पेटी मागवली, २,४०० रुपयांची. दिसायला सुबक, काळी, पुढे दार, दाराला तीन आकडी नंबरचं कुलूप. ती घेऊ नका. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर आत जातो. पण खरी अडचण पत्र्याची नव्हतीच. डिलिव्हरीवाल्याने सूचना वाचायची, नंबर जुळवायचा, दार उघडायचं, पार्सल ठेवायचं, दार लावायचं, पुन्हा आकडे फिरवायचे. एवढं कोण करेल? पाच आठवड्यांत बारा-तेरा पार्सलं आली, त्यातली दोन आत गेली. बाकीची चक्क पेटीच्या डोक्यावर ठेवलेली. म्हणजे चोराला आधी पार्सल शोधावं तरी लागत होतं, आता आम्ही त्यासाठी ओटाच बांधून दिला होता.

मग एका रविवारी मी फाटकाशी उभी राहिले आणि आलेल्या मुलाला सरळ विचारलं, की दादा, तुला काय सोयीचं पडेल? त्याच्या पाठीवर ती भलीमोठी बॅग, एका हातात फोन. तो म्हणाला, ‘ताई, एक हात फोटोला लागतो. दुसऱ्या हाताने टाकता आलं पाहिजे. वाकायला लावू नका. आणि घर नंबर फोटोत आला पाहिजे, नाहीतर ऑफिसवाले मलाच विचारतात.’ दोन मिनिटांत त्याने मला जे सांगितलं ते कुठल्याच पेटीच्या जाहिरातीत नव्हतं. पेटी आपल्या कुलपाची असते तेवढीच त्या मुलाच्या हाताचीही असते. त्याने ती वापरलीच नाही तर कुलूप कितीही भारी असो, उपयोग शून्य.

हे डोक्यात घेऊन अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेले. तिथले दादा एरवी खिडक्यांच्या जाळ्या आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड करतात, पार्सल पेटी त्यांनी आधी केली नव्हती. पण माणूस ऐकून घेणारा. खडूने जमिनीवरच आकृती काढली. ठरलं ते असं: रुंदी १८ इंच, खोली १६, उंची ३६. पुढचा पत्रा १६ गेजचा, बाकी १८ गेजचा (गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड). पार्सल टाकायचं तोंड रस्त्याच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. काढायचं दार कंपाउंडच्या आत, आपल्या बाजूला.

पहिलं तोंड त्यांनी टपालपेटीसारखं केलं, वर झडप असलेलं. शेडमध्येच चाचणी घेतली. बरोबर आलेल्या माझ्या नववीतल्या मुलीने झडप वर करून हात घातला आणि आतला बुटाचा खोका तिरका करून बाहेर काढला. दादा बघतच राहिले. मग त्यांनी झडप काढून टाकली आणि कलता खण केला. या पेटीचा जीव त्या खणात आहे, म्हणून नीट सांगते. हँडल ओढलं की खण पुढे झुकतो आणि त्याच वेळी त्याची मागची पत्र्याची पाठ वर येऊन पेटीचं पोट बंद करते. म्हणजे तोंड उघडं असताना आत जायला वाट नाही. खणात पार्सल ठेवून हँडल सोडलं की खण मागे जातो, पाठ खाली होते आणि पार्सल आत घसरतं. दोन्ही वाटा एकाच वेळी कधीच उघड्या नसतात. शिवाय खणाच्या खाली आतून एक तिरपी पट्टी वेल्ड केली आहे, त्यामुळे वाकडी तार घालून ओढायचं म्हटलं तरी ती अडते. मुलीने पुन्हा हात घातला. मनगटाच्या पुढे गेला नाही.

आता हिशेब. पेटीचं वजन भरलं २८ किलो, १७० रुपये किलोने ४,७६० रुपये. पावडर कोटिंग ९००, सात लिव्हरचं कुलूप ४५०, बसवणावळ ६००. एकूण ६,७१०. तयार पेटीच्या जवळजवळ तिप्पट, आणि तरीही मी पुन्हा हेच करीन. कुलपावर पत्र्याची टोपी करून घ्या, करवतीचं पातं आत शिरत नाही. आणि पेटी विटांच्या भिंतीला लावू नका. आमच्याकडे आधी तसंच ठरत होतं, पण विटेत बोल्ट ढिला पडतो. फाटकाच्या सिमेंटच्या कॉलमला दहा एमएमचे चार अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारे बोल्ट, मारले, चारही नट पेटीच्या आत. बाहेरून पाना लागतच नाही. २८ किलो दोन माणसं सहज उचलतात, त्यामुळे हे काम अर्धवट ठेवू नका.

तोंडाच्या वर मोठ्या आकड्यात घर नंबर रंगवला, त्या मुलाने सांगितल्याप्रमाणे. खाली मराठी आणि हिंदीत तीनच शब्द: ओढा, ठेवा, सोडा. पहिल्याच आठवड्यात फरक कळला. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, हँडल ओढण्यापासून फोटो काढून वळेपर्यंत नऊ सेकंद. आठ महिन्यांत एकही पार्सल चोरीला गेलं नाही, आणि तोंडात मावणारं एकही बाहेर ठेवलेलं सापडलं नाही.

त्रुटीही आहेत. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खणाच्या वरच्या फटीतून पाणी शिरलं आणि मुलीच्या दोन वह्या भिजल्या. दादांनी येऊन वर पावळीसारखी दोन इंच पुढे आलेली कड वेल्ड केली, पैसे घेतले नाहीत. तळाला दोन छोटी भोकं पाडली आणि आत भाजीचं प्लास्टिक क्रेट उलटं ठेवलं, म्हणजे पार्सल पत्र्याला टेकत नाही. त्यानंतर सगळा पावसाळा कोरडा गेला. तुम्ही करून घेणार असाल तर ही कड पहिल्या दिवसापासून मागा.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ती मला माझ्या कामामुळे जास्त टोचते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मी पेटीत थर्मामीटर ठेवला. बाहेर ३९ अंश होते, आत ४७. पेटीला पांढरा रंग दिला आणि वरच्या पत्र्याला आतून थर्माकोलचा तुकडा चिकटवला, तरी ४२ च्या खाली आली नाही. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. साध्या गोळ्यांच्या पाकिटावरही बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. त्यामुळे औषधं पेटीत अजिबात नाहीत. आप्पांची औषधं मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधूनच आणते, आणि कधी ऑनलाइन मागवलीच तर मी घरी असेन त्याच दिवशीची. शेजारीपाजारी माझी पेटी बघून करून घ्यायला निघाले आहेत, त्यांना मी पहिलं हेच सांगते.

तोंड १४ बाय १० इंच आहे. मिक्सर, मोठे खोके मावत नाहीत. ते समोरच्या काकूंकडे जातात किंवा रविवारी येतात. काही महागड्या वस्तूंना ओटीपी लागतो, तिथेही पेटीचा उपयोग नाही, माणूसच हजर हवा. आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. आप्पांच्या मोबाईलवर असा फोन आला होता, ‘पार्सल रद्द करायचंय, आलेला नंबर सांगा’. मागवलेलं काहीच नव्हतं. सुदैवाने त्यांना नीट ऐकूच आलं नाही आणि त्यांनी फोन मुलीकडे दिला. पार्सल समोर, हातात, मग ओटीपी, हा आमच्या घरचा नियम आहे. असं कुणाच्या बाबतीत घडून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करायचा, उशीर करायचा नाही.

ऑनलाइन खरेदीचं पार्सल न मिळताच डिलिव्हर्ड दाखवलं तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि आपण स्वतः काही मोलाचं पाठवत असू तर पावतीवर किंमत लिहून विमा उतरवायचा. हा धडा आम्हाला महागात पडला.

एक गोष्ट राहिली. खण मागे जाताना पत्र्यावर पत्रा आपटून ठणकन आवाज व्हायचा. दुपारी लेनभर ऐकू जायचा. काकूंनी नावं ठेवली नाहीत, पण त्यांची नात तेव्हा तान्ही होती, म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खणाच्या दोन्ही कडांना चिकटवल्या. आवाज गेला.

ऑगस्टमध्ये आप्पांना नवं मशीन घेतलं. चार-पाच दिवसांनी ते माझ्याकडे आले, हातात ट्यूबची एक पट्टी. वरच्या कडेची, स्वतः सोलून काढलेली. म्हणाले, ‘एवढी एक राहू दे काढलेली. आतून ऐकू येतं मला.’ आता मी घरी येते तेव्हा दुपारची पार्सलं हॉलच्या टेबलावर असतात आणि पेटीची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. पोर्चमधली खुर्ची आम्ही माळ्यावर टाकली.