अनबाउंड रिझॉल्व्हरसाठी लिहिलेले पायथन मॉड्यूल : ११ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या नाशिकच्या कार्यालयात सुमारे ४० संगणक आहेत आणि त्यांच्या जोडीला चाचणीसाठी रोज उभी केली जाणारी व रोज मोडली जाणारी व्हर्च्युअल यंत्रे. या यंत्रांच्या नावांची यादी सांभाळण्याचे काम कोणालाच नको असायचे, त्यामुळे ती यादी कायम शिळीच राहत असे. म्हणून आम्ही असे ठरवले, की आयपी पत्ता नावातच लिहावा आणि रिझॉल्व्हरने (नाव दिले, की त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरने) तो वाचून उत्तर म्हणून परत द्यावा, म्हणजे १०-२०-३-७.लॅब.होम.आर्पा असे विचारले, की १०.२०.३.७ मिळावे. अनबाउंड हा रिझॉल्व्हर आमच्याकडे आधीपासून होताच. त्याच्या लोकल-डेटा या सोयीने ठरलेली नावे देता येतात, पण नावातून पत्ता काढता येत नाही, म्हणून पायथन मॉड्यूल, म्हणजे अनबाउंडला जोडायची पायथनमधली स्क्रिप्ट, लिहायला घेतले.

लिहिणे खरोखर सोपे आहे. इनिट (सुरू होताना), डीइनिट (बंद होताना), इन्फॉर्म-सुपर (उपविचारणा संपल्यावर) आणि ऑपरेट (विचारणा हाताळताना) अशी चार फंक्शने द्यावी लागतात. त्यांपैकी पहिली तीन माझ्याकडे सुरुवातीला निव्वळ ‘ट्रू’ परत करत. सगळा खेळ ऑपरेटमध्ये आहे. नवी विचारणा आली, की नाव तपासायचे; आपले असेल तर उत्तराचा संदेश तयार करून काम संपल्याची स्थिती लावायची, नसेल तर पुढच्या मॉड्यूलची वाट पाहण्याची स्थिती लावून बाजूला व्हायचे, आणि पुढचे मॉड्यूल उत्तर घेऊन परतले की तेच उत्तर जाऊ द्यायचे. मॉड्यूलांचा क्रम ठरवणाऱ्या मॉड्यूल-कॉन्फिगच्या ओळीत मी पायथन, व्हॅलिडेटर (उत्तर पडताळणारा), इटरेटर (बाहेर जाऊन उत्तर शोधणारा) असा क्रम ठेवला, कारण घरच्या घरी तयार केलेले उत्तर डीएनएससेकच्या (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासण्याच्या पद्धतीच्या) पडताळणीतून नेण्यात काही अर्थ नाही. क्रम उलटा ठेवून व्हॅलिडेटरला पहिला नंबर दिला, तर पायथनकडे येणारी घटना ‘नवी’ नसून ‘पुढे दिलेली’ असते. म्हणून नमुना स्क्रिप्टांत या दोन्ही घटना तपासलेल्या दिसतात. स्क्रिप्ट जेमतेम ४० ओळींची झाली. ती लिहायला एक दुपार लागली आणि विचारणेच्या वाटेवर ती नेमकी कुठे उभी आहे, हे कळायला पुढचे तीन महिने.

पहिली ठेच पहिल्याच दिवशी लागली. ऑपरेटमध्ये लिहिलेली लॉगची ओळ कधी उमटतच नव्हती आणि प्रत्येक नावाला ‘अस्तित्वात नाही’ एवढेच उत्तर येत होते. होम.आर्पा हे नाव घरगुती जाळ्यांसाठी आरएफसी ८३७५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने २०१८ मध्ये राखून ठेवले आहे आणि अनबाउंड त्याचा रिकामा स्थानिक झोन (स्वतःच उत्तर द्यायच्या नावांचा गट) स्वतःहून बाळगतो. स्थानिक झोन मॉड्यूलांच्या आधी तपासले जातात, त्यामुळे माझ्या स्क्रिप्टपर्यंत विचारणा पोहोचतच नव्हती. त्या झोनसाठी ‘नोडिफॉल्ट’, म्हणजे हा आपोआपचा झोन नको, अशी एक ओळ घातली आणि काम सुरू झाले. नावाच्या शेवटी टिंब असते आणि अक्षरे लहान-मोठी कशीही येऊ शकतात, या गोष्टी त्या मानाने किरकोळ. नाव आधी लहान अक्षरांत आणून मगच ताडून पाहावे.

दुसरी अडचण अधिक चकवणारी होती. संगणकांवर सगळे व्यवस्थित चाले, पण काही फोनवर तेच नाव कधी उघडे, कधी उघडत नसे. मी फक्त ‘ए’ प्रकारच्या (आयपीव्ही४ पत्त्याच्या) विचारणेला उत्तर देत होतो. फोन मात्र त्याच नावासाठी आयपीव्ही६ पत्त्याचा ‘चार ए’ प्रकारही विचारतो, आणि ती विचारणा माझे मॉड्यूल इमानदारीने पुढे पाठवत होते. बाहेरच्या जगात हे नाव नाहीच, त्यामुळे तिकडून ‘असे नावच नाही’ असे उत्तर येई. ‘या नावाला या प्रकारची नोंद नाही’ आणि ‘हे नावच नाही’ ही दोन उत्तरे निराळी आहेत. दुसरे मिळाले, की विचारणाऱ्याने त्या नावाचा नाद सोडणे रास्तच ठरते. आता आपल्या झोनमधल्या इतर सर्व प्रकारांना मी चूक न दर्शवणारे रिकामे उत्तर देतो. ही दुरुस्ती चार ओळींची होती. शोधायला दोन आठवडे गेले.

तिसरा प्रसंग सर्वस्वी माझ्या चुकीचा. काही यंत्रांना टोपणनावे हवीत, म्हणून मी एक साधी मजकूर-फाइल केली आणि ती ऑपरेटच्या सुरुवातीलाच, म्हणजे प्रत्येक विचारणेला, वाचायला लावली. एका सकाळी त्या फाइलच्या शेवटी एक कोरी ओळ राहिली. कोऱ्या ओळीचे तुकडे पाडून दुसरा तुकडा मागितला, की पायथन अपवाद फेकतो, म्हणजे काम तिथेच सोडून चूक कळवतो, आणि ऑपरेटमधून अपवाद बाहेर पडला, की अनबाउंड त्या विचारणेला सर्व्हफेल (‘उत्तर देता आले नाही’ असा संदेश) देतो. गंमत अशी, की कार्यालयातले इंटरनेट पूर्ण बंद पडले नाही. अर्ध्या साइट उघडत होत्या, त्यामुळे सगळ्यांनी दोष आधी लाइनला दिला. जी उत्तरे कॅशेमध्ये (आधी मिळालेल्या उत्तरांच्या साठ्यात) होती, ती मॉड्यूलांना न विचारताच दिली जात होती. टीटीएल (उत्तर साठ्यात ठेवण्याची मुदत) संपत गेले, तशी एकेक साइट मिटत गेली. तेव्हापासून फाइल फक्त इनिटमध्ये वाचली जाते आणि ऑपरेटचा सगळा मजकूर ट्राय-एक्सेप्ट या चूक सावरून घेणाऱ्या रचनेच्या आत आहे. काहीही बिनसले तरी विचारणा मुकाट्याने पुढे जाते.

कॅशेचा हा स्वभाव ध्यानात आल्यावर दुसरा बेतही सोडून द्यावा लागला. विचारलेल्या प्रत्येक नावाची नोंद याच मॉड्यूलमधून ठेवावी, असा विचार होता. पण इथे नाव फक्त कॅशेमध्ये नसेल तेव्हाच दिसते. नोंदीच हव्या असतील, तर अनबाउंडची लॉग-क्वेरीज ही सोय किंवा डीएनएसटॅप ही नोंदी बाहेर पाठवण्याची सोय बरी.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही, पण पायथनचा एकच इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा भाग) आणि एका वेळी एकालाच आत सोडणारे त्याचे एकच कुलूप असल्यामुळे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वाढवून या भागाला फारसा लाभ होत नाही, आणि ऑपरेटमध्ये डेटाबेस किंवा वेब-सेवेला हाक मारणे म्हणजे मागची रांग अडवणे होय. ज्यांच्याकडे वर्दळ मोठी आहे, त्यांनी लुआ या प्रोग्रामिंग भाषेवर बेतलेला नॉट रिझॉल्व्हर आधी पाहावा, असे मला वाटते.

एक बाब अजून खटकते. अनबाउंड-चेककॉन्फ या तपासणीत सेटिंगची फाइल निर्दोष ठरते, पण स्क्रिप्टमधली व्याकरणाची चूक तिला दिसत नाही. ती आधी पायथनकडून वेगळी तपासून घ्यावी लागते. शिवाय नवी स्क्रिप्ट लागू करण्यासाठी साधे रीलोड केले (सेटिंग पुन्हा वाचायला लावले), की भरलेली कॅशे रिकामी होते. त्यामुळे आमच्याकडे या ४० ओळींतला कोणताही बदल संध्याकाळी ७ नंतरच केला जातो.