सर्किट ब्रेकरमधल्या प्लाझ्मासाठी ओपनफोम: फुकट आहे, पण आयते नाही

कोयनेचे वीजगृह पोफळीला असल्यामुळे चिपळूण परिसरात सर्किट ब्रेकर कोणाला नवा नाही. मात्र वीजप्रवाह तोडताना त्याच्या आत पेटणारा आर्क, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या अतितप्त वायूचा (प्लाझ्माचा) झोत, प्रयोगशाळेत तपासणे आमच्यासारख्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आम्ही ओपनफोम ही द्रव-वायूंच्या प्रवाहाचे गणित सोडवणारी, २००४ पासून खुली असलेली संगणकप्रणाली निवडली. परवान्याचा खर्च शून्य.

तिच्यात चुंबकीय क्षेत्रातील वीजवाहक प्रवाहासाठी एमएचडीफोम नावाचा तयार सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) आहे, पण नाव पाहून हुरळून जाऊ नये. तो घनता आणि वाहकता स्थिर असलेल्या प्रवाहासाठी लिहिलेला असून त्यात उष्णतेचे समीकरणच नाही. आर्कच्या गाभ्याचे तापमान २०,००० केल्व्हिनच्या घरात जाते आणि वायूची वाहकता तापमानागणिक कित्येक पटींनी बदलते. म्हणून विद्युत विभव (व्होल्टेज), ज्यूल उष्णता (विद्युतप्रवाहाने निर्माण होणारी), लॉरेंट्झ बल (चुंबकीय क्षेत्राचे प्रवाहावरील बल) आणि प्रारण (किरणांवाटे जाणारी उष्णता) यांची सांगड आपल्यालाच घालावी लागते. सुदैवाने कागदावरचे समीकरण कोडमध्ये जवळजवळ तसेच उतरवता येते, आणि ज्याला सी प्लस प्लस ही तिची प्रोग्रॅमिंग भाषा येते त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

खरी कसोटी वायूच्या गुणधर्मांच्या तक्त्यांची आहे. ओपनफोमसोबत येणाऱ्या उदाहरणांतील या गुणधर्मांचे गुणांक काही हजार केल्व्हिनपर्यंतच चालतात, तर हवेतील नायट्रोजनचे रेणू ७,००० केल्व्हिनच्या आसपास फुटतात व तेथे विशिष्ट उष्मा एकदम उसळी घेतो. ब्रेकरमध्ये भरल्या जाणाऱ्या एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूत अशी उसळी २,००० केल्व्हिनजवळच येते, आणि आर्क विझवण्यातील त्याच्या सरशीचे ते एक कारण आहे. तक्ता विरळ असेल तर नेमक्या याच टप्प्यावर एन्थॅल्पीवरून (वायूतील एकूण उष्णता-ऊर्जेवरून) तापमान काढताना गणित कोलमडते. दोष मात्र सॉल्व्हरच्या माथी मारला जातो.

५० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनाचे १० मिलिसेकंद सोडवायलाही साध्या संगणकाला फार वेळ लागतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. येथे ओपनफोमला पूर्ण गुण द्यावे लागतील. ठरावीक अंतराने प्रत्येक क्षणाचे फोल्डर डिस्कवर लिहिले जाते, आणि कंट्रोलडिक्ट या नियंत्रण-फाइलमध्ये ‘स्टार्टफ्रॉम’पुढे ‘लेटेस्टटाइम’ लिहिले की रन शेवटच्या फोल्डरपासून पुढे चालू होतो.

इलेक्ट्रोडलगतच्या अतिशय पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि जड कण (अणू, आयन) यांचे तापमान एकसारखे नसते. या दोन्हींचे तापमान एकच धरणारी वरील मांडणी तेथे लागू पडत नाही, त्यामुळे त्या थरातील विभवपात (व्होल्टेजची घट) वेगळा गृहीत धरावा लागतो. कोकण रेल्वेच्या विद्युत इंजिनांवर असतो तशा व्हॅक्यूम ब्रेकरसाठी तर या वाटेला जाऊच नये, कारण त्यात वायू नसतोच. कॅथोडवरील (ऋण इलेक्ट्रोडवरील) तप्त ठिपक्यांतून उडणारी धातूची वाफ आर्क पेटता ठेवते, आणि ती विरळ झाली की वायूला सलग माध्यम मानणारी ही समीकरणे निरुपयोगी ठरतात.